डाव्या कानामागे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आईला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगते आहे? बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दिवसभर बायका माझ्यासमोर डोळे मिटून बसतात आणि सासूचं, जावेचं, नवऱ्याचं, जे पोटात असेल ते सगळं बोलून मोकळ्या होतात. मी त्यांच्या गालांवर हात फिरवत हं हं करते. माझं मात्र पोटातच राहिलं. दहा-अकरा वर्षं झाली असतील.

बुऱ्हाणपुरात लालबागला माझं पार्लर आहे. वरच्या खोलीत मुलींना शिकवतेसुद्धा. मुली शिकायला येतात त्या कशा, बघितलंय कधी? एखादी पोटावर ओढणी धरून बसते, एखादी हसताना तोंडावर हात ठेवते, एखादी मुद्दाम आरशाकडे पाठ करून खुर्ची ओढते. दुसऱ्यांना सुंदर करायला निघालेल्या या मुली! मग मी पहिल्या दिवशी त्यांना माझी गोष्ट सांगते. मी पण अशीच होते गं, म्हणते. माझी मान काळी होती, लाजेनं मी मेल्यासारखी व्हायची, आणि मग एक दिवस केस वर बांधले, मान उघडी टाकली आणि क्लासला गेले. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. मुलींच्या डोळ्यांत पाणी येतं. एकीनं तर तिथल्या तिथे ओढणी काढून ठेवली होती.

गोष्ट खोटी नाही. केस मी खरंच बांधले होते. फक्त तो 'एक दिवस' कोणता होता — एवढं मी गाळते.

माझी मान काळी म्हणजे उन्हानं रापलेली नव्हे. जाड, मळकट, घड्यांमधून तर काळीकुट्ट. अंगानं मी पहिल्यापासून भरलेली, त्यातलाच हा प्रकार, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पण तेव्हा लग्नाकार्यात भेटणारी प्रत्येक मावशी, प्रत्येक काकू एकच विचारायची, मान घासत नाहीस का गं? मी घासायची. लिंबानं, बेसनानं, काथ्यानं, पाय घासायच्या दगडानंसुद्धा. रक्त यायचं, रंग जायचा नाही. मास्तरांची मुलगी आणि आंघोळ करत नाही! म्हणून मग बंद गळ्याचे कुर्ते आणि पाठीवर मोकळे केस. बुऱ्हाणपूरचा मे महिना तुम्हाला माहीत असेल तर त्या केसांखाली माझं काय होत असेल हेही कळेल.

आणि अशा मुलीनं ब्यूटी पार्लरचा कोर्स का घ्यावा? — मला वाटायचं तिथे काहीतरी औषध सापडेल. खरं कारण एवढंच.

क्लास इतवाऱ्यात होता, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. मॅडमची पद्धत कडक. बाहेरची मॉडेल आणायची नाही, मुलींनी एकमेकींवरच शिकायचं. त्यांनी जोड्या लावून दिल्या होत्या. ब्लीच किंवा फेशियल करायच्या आदल्या दिवशी जोडीदारणीच्या कानामागे थोडं क्रीम लावून बघायचं, लाल होतंय का, खाज येते का. त्याला पॅच टेस्ट म्हणतात. दोघींनी एकमेकींची करायची आणि वहीत 'ठीक' लिहून दोघींनी सही करायची. वही बघितल्याशिवाय मॅडम क्रीमच्या डबीला हात लावू द्यायच्या नाहीत.

माझी जोडी रंजनाशी लागली. रंजना धूलकोटची. सकाळच्या बसनं यायची, दुपारच्या बसनं जायची. वडिलांची केळी आणि कापूस. तिच्या गावातल्या नवऱ्या मुलींना तयार व्हायला बुऱ्हाणपूरला यावं लागायचं. ते तिला खटकायचं. गावातच पार्लर टाकायचं हे तिचं पक्कं होतं — जागा ठरलेली, घराची पुढची खोली, खिडकीला पडदा कुठल्या रंगाचा हेसुद्धा ठरलेलं. आणि तिची कातडी... काय सांगू. सावळी, पण अशी एकसारखी, अशी नितळ की मॅडम शिकवताना तिच्याच गालावर बोट ठेवायच्या. मी रोज तो गाल बघायची. मला ती आवडायची का? हो, आवडायची. आणि तिचा राग यायचा का? — तोही यायचा.

पहिल्यांदा टेस्ट करायची वेळ आली तेव्हा तिनं माझे केस कानामागे सारायला हात पुढे केला आणि मी झटक्यानं मागे सरकले. ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली,

"राहू दे. तुला नाही आवडत तर लिहून टाकू ना असंच."

तिनं ओळखलं होतं. काही विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. आणि एकीची टेस्ट करायची आणि दुसरीची नाही, तर कुणीतरी विचारणार, म्हणून दोघींचीही नाही. कोर्सभर आम्ही वहीत 'ठीक' लिहीत गेलो, दोघींच्या सह्यांनी. माझ्या मानेसाठी केलेली ती सोय होती. कल्पना तिची म्हणाल तर तिची. पण कुणासाठी?

शेवटच्या प्रॅक्टिकलला इंदूरहून परीक्षक बाई येणार होत्या. नव्या कंपनीचं ब्लीच आलं होतं, आधी कुणी न वापरलेलं. मॅडमनी आदल्या दिवशी दोनदा बजावलं, नवीन माल आहे, टेस्ट नीट करा. आम्ही वहीत 'ठीक' लिहिलं. रंजनाची बस सुटत होती, तिनं उभ्याउभ्याच सही केली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या चेहऱ्याला ब्लीच लावलं. चार-पाच मिनिटांनी ती म्हणाली, जळतंय. थोडं जळतंच, मी म्हणाले. परीक्षक बाई पलीकडच्या खुर्चीपाशी होत्या, पुढे आमचाच नंबर. ती परत म्हणाली, लई जळतंय गं. मी म्हणाले, तोंड हलवू नको, क्रीम ओघळेल.

हे वाक्य मी म्हटलंय. मला आठवतं कारण तिनं ऐकलं. ओठ मिटून घेतले. खुर्चीचे हात घट्ट धरून बसली, डोळ्यांच्या कडांतून पाणी येऊन क्रीममध्ये उतरत होतं आणि मी ते कापसानं टिपत होते — फिनिशिंग बिघडू नये म्हणून.

पुसलं तेव्हा गाल दिसले. दोन्ही गाल आणि हनुवटी, भाजल्यासारखे. एका ठिकाणी कातडी कापसाबरोबर निघून आली. बर्फ आणा, दूध आणा, धावपळ झाली. परीक्षक बाईंनी वही मागितली. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, त्यांच्या क्लासचं नाव पणाला लागलं होतं. त्यांनी आम्हा दोघींना विचारलं, टेस्ट केली होती का, खरं सांगा.

"नव्हती केली, मॅडम," रंजना म्हणाली. तिला धड बोलता येत नव्हतं.

"क्यों नहीं की?" मॅडमनी विचारलं.

आता ऐका. त्या क्षणी तिनं एवढंच सांगायचं होतं — हिला मान दाखवायची नसते म्हणून. एवढंच. तिचा चेहरा जळत होता, सगळ्या मुली भोवती उभ्या होत्या, आणि ती माझ्याकडे बघत होती. ती बोलली नाही. माझी मान तिनं तेव्हाही झाकली.

आणि मी म्हणाले,

"मी केली होती, मॅडम. डाव्या कानामागे. हीच घरून लिंबू लावून आलीय. मला आत्ता पुसताना बोलली."

डाव्या कानामागे. हे मला कसं सुचलं? नुसतं 'केली होती' म्हटलं असतं तर कदाचित कुणी शंका घेतली असती. डावा कान ऐकून सगळ्यांना पटलं. शिवाय वहीत तिची सही. रंजना म्हणाली, मी काहीच नव्हतं लावलं, कसम से. पण सही करून टेस्ट नव्हती म्हणणारी तीच, मग लिंबाचं तरी तिचं कोण खरं धरणार? मी इतवाऱ्यातली, मास्तरांची मुलगी. ती खेड्यातली. खेड्यातल्या मुली चेहऱ्याला काहीबाही लावतात हे मॅडम नेहमीच म्हणायच्या. त्या तिला सगळ्यांसमोर बोलल्या, फार बोलल्या, आणि रिक्षात बसवून दवाखान्यात पाठवलं. सोबत कुणी जावं का, असं कुणीतरी विचारलं. मी खुर्ची पुसत होते.

माझं प्रॅक्टिकल दुसऱ्या मुलीवर घेतलं. मी पास झाले.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. घाबरून खोटं बोलली, वय लहान, होतं असं. मलाही काही वर्षं असंच वाटून घ्यायला आवडायचं. पण हे तेवढं नाही. खरं सांगायचं ते पुढे आहे आणि मी इथवर येऊन नेहमी थांबते.

परीक्षा झाली तरी मी मॅडमना मदत करायला क्लासला जात होते. रंजना पंधरा दिवसांनी एकदा तिथे आली, राहिलेलं सामान न्यायला. जखमा भरल्या होत्या. गालांवर काळपट डाग होते, कडा ठळक, नकाशासारखे. मॅडम म्हणाल्या, परीक्षा पुन्हा दे पाहिजे तर, पण बेटा, असा चेहरा बघून गिऱ्हाईक खुर्चीत बसेल का? ती मान हलवत ऐकत होती. जाताना माझ्याशी बोलली नाही, पण वाईट नजरेनंही बघितलं नाही. जिना उतरताना एक हात गालावर होता.

मी घरी आले. आई बाहेर गेली होती. मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि केस वर उचलले. मान तशीच होती. काळी, जाड, घड्यांची. आणि — मला बरं वाटलं.

बरं वाटलं. दुसरा शब्द नाही. मला वाटलं, माझं तर मागे आहे, केसांखाली आहे. तिचं समोर आहे. तिचं कधीच झाकणार नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आरशात स्वतःकडे बघून हसले. वाईट वाटायला हवं होतं, मी वाट पाहिली त्याची, आलंच नाही. दुसऱ्या दिवशी केस वर बांधून क्लासला गेले. मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, बघा, कॉन्फिडन्स याला म्हणतात.

तर असा तो 'एक दिवस'. मुलींना सांगते तो.

आता वाईट वाटतं का? वाटतं. पण ते अलीकडचं आहे, आणि त्याचा रंजनाला काय उपयोग?

मागच्या उन्हाळ्यात धूलकोटची ऑर्डर आली, नवरीच्या मेकअपची. गेले. नवरीला घेऊन खोलीत आली ती रंजना. नवरी तिच्या दिराची मुलगी. रंजना गावातच दिलेली, घरी ब्लाऊज शिवते, हे तिथे कळलं. डाग फिकट झालेत, पण आहेत. तिनं मला ओळखलं, पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. काम चालू असताना नवरी अवघडून बसली होती, स्वतःचे दंड जाड आहेत म्हणून रडवेली झालेली. आणि मी — सवयीनं, हात चालू ठेवून — तिला माझी गोष्ट सांगायला लागले. काळी मान, लाज, एक दिवस केस बांधले. मध्येच माझ्या लक्षात आलं की रंजना दारापाशी उभी आहे. तरी मी थांबले नाही. पूर्ण सांगितली.

नवरीला धीर आला. ती रंजनाकडे वळून म्हणाली, काकू, तुम्ही पण तर शिकत होत्या ना पार्लरचं, का सोडलं? रंजना म्हणाली,

"माझ्यानं नाही झालं, बाई."

तिथेच संपलं होतं. मला काही बोलायची गरज नव्हती, कुणी मला विचारलंही नव्हतं. मी नवरीची हनुवटी धरून तिचा चेहरा परत उजेडाकडे वळवला आणि म्हणाले, "सगळ्यांना नाही जमत हे काम."

रंजना हो म्हणाली. मग विचारलं, चहा करू का, आणि मी म्हणाले, साखर कमी.