स्टिकर लावलेलं व्हायोलिन

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्यामुळे वही, पेन आणि प्रमाणपत्राशिवाय एखादी गोष्ट शिकता येते यावर माझा विश्वास नाही. व्हायोलिन शिकायचं ठरलं तेव्हा मी आधी दोनशे पानी वही आणली, व्हायोलिन नंतर.

डोणगावात बसून मोबाइलवर पुण्याच्या एका ताईंचा वर्ग लावला. पद्धत एकदम शास्त्रोक्त. तीन आठवडे व्हायोलिनच्या भागांची नावं पाठ केली. मग तारांवर ओढायचा गज कसा धरावा याची आकृती काढली. मग तारांखालच्या काळ्या फळीवर रंगीत स्टिकर लावले. लालवर बोट ठेवलं की रे, पिवळ्यावर ग, निळ्यावर म. कानाला काही कामच उरलं नाही. लेखी परीक्षेत शंभरपैकी ब्याण्णव गुण पडले. प्रमाणपत्र लॅमिनेट करून आईच्या हातात दिलं.

आई अंगणवाडीत मदतनीस. माझं कॉलेज तिच्याच मानधनावर झालं. त्या महिन्यात ती कामावरून मोकळी होणार होती आणि निरोपाच्या कार्यक्रमात बाया तिला गाणं म्हणायला लावणार होत्या. प्रमाणपत्र उलटसुलट पाहून ती म्हणाली, "मंग माह्या गाण्यावर तू वाजोजो. बायाइले सांगून ठेवते."

तिनं माझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ.

"कोणत्या पट्टीत गाशील?" मी वही उघडून विचारलं.

"जिथून आवाज निंगते तिथून."

वहीत असं उत्तर नव्हतं. ताईंना मेसेज केला. त्यांनी कळवलं, "आईंकडून आधी काळी एक पट्टीचा सराव करून घ्या." पोरांची खिचडी ढवळत जन्मभर गाणाऱ्या बाईला हे सांगण्याइतकं माझं शिक्षण झालेलं नव्हतं.

मग व्हायोलिन घेऊन गावातल्या बँडवाल्या काकांकडे गेलो आणि आईच्या गाण्याची अडचण सांगितली. वरातीत क्लॅरोनेट वाजवून म्हातारे झालेले काका घरी हौसेनं व्हायोलिन वाजवतात, तेही मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून. ताईंच्या आकृतीत ही बैठक नव्हती, म्हणून मी ती मनातल्या मनात चूक ठरवली.

"हे काय लावलं बे? ट्रॅक्टरचे रिफ्लेक्टर?" माझं व्हायोलिन हातात घेत काका म्हणाले.

"स्वर सापडतात, काका."

"डोयानं? कान काय चष्मा अटकवाले ठेवले?"

त्यांचा अभ्यासक्रम तेवढ्यातच आटोपला. "आई गाईन तवा पहिले गप बस. तिचा सा गळ्यात धर, मंगच गज लाव."

मी वही काढली.

"लिहून घेऊन राह्यला? घे, घे. पेपरले येईन."

मी लिहून घेतलं. स्टिकर मात्र काढले नाहीत. ब्याण्णव गुण काही उगीच मिळत नाहीत.

कार्यक्रमाला अंगणवाडीचा व्हरांडा भरला होता. मी खुर्चीवर ताठ बसलो, हनुवटी आकृतीप्रमाणे टेकवली. आईनं डोळे मिटले आणि माझ्या साऱ्या रंगांना चुकवून वरच कुठून तरी गाणं उचललं. मी पूर्ण आत्मविश्वासानं लालवर बोट ठेवलं. दारात मांजराची शेपटी सापडावी तसा आवाज निघाला. पुढं बसलेली पोरं खूश झाली. मी पिवळ्यावर बोट ठेवलं. दुसरं मांजर.

आई थांबली नाही. पण डोळे उघडून तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा आवाज हळूहळू खाली येऊ लागला. मला उघडं पडू द्यायचं नाही म्हणून ती माझ्या चुकीच्या स्वराकडे सरकत होती. स्वतःच्या निरोपाचं स्वतःचं गाणं ती माझ्यासाठी बिघडवत होती.

मी गज उचलला आणि गप्प बसलो.

एक ओळ गेली, दुसरी गेली. ती परत आपल्या जागी पोहोचली. मी ओठ मिटून तिचा सा गुणगुणून पाहिला, मग बोट तारेवर सरकवत नेलं. लालच्या अलीकडे, जिथं कुठलाच रंग नव्हता, तिथं तो होता. तोच एक स्वर मी गाणं संपेपर्यंत धरून बसलो.

बायांनी टाळ्या वाजवल्या, आईला हार घातला. घराकडे निघताना तिनं विचारलं, "एवढंच येते काय रे तुले?"

"हाव."

"बरं झालं," ती म्हणाली. "मले गाता आलं."