शांतवन मास्तरांची पिस्टन पिन

दुकानदारीची एक गोष्ट मला कुणी शिकवली नाही, गल्ल्यावर बसून बसून मीच शिकलो. जो माल खपतो त्याची आठवण राहत नाही. जो खपत नाही, तो मागच्या खोलीत साचत जातो आणि एके दिवशी लक्षात येतं की पाय ठेवायला जागा उरली नाही. शांतवन मास्तरांचे किस्से माझ्याकडे असेच साचलेत. डीजेच्या जमान्यात त्यांना गिऱ्हाईक नाही. मीही आता थकलोय. तर फडकं मारून चार बाहेर काढतो, बघा पटतात का.

*

बेलापुरात माझं मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान. एका दुपारी खाकी पॅन्टमधला एक सडपातळ माणूस आला. म्हणाला, "पिस्टन पिन दाखवा."

"कोणत्या गाडीची?"

"कोणत्याबी."

असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होतो. पिस्टन पिन म्हणजे इंजिनात पिस्टन धरून ठेवणारी, बोटाएवढी गुळगुळीत पोलादी नळी. मी डबाच पुढे केला. त्याने एकेक पिन काउंटरच्या काचेवर टिचकवली, कानाशी नेली, परत ठेवली. अर्धा डबा झाल्यावर एक पिन मुठीत धरून म्हणाला, "ही बोलती."

"पण गाडी कोणती, पाव्हणं?"

"गाडी न्हाई वो माझ्याकडं. सायकल हाय."

हे शांतवन मास्तर. साखर कारखान्यात फिटर. मिलच्या खडखडाटात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी मांडीवर आडवी गिटार. ती पिन तारेवर सरकवली की तार माणसासारखी हुंकार द्यायची. त्या रविवारी मी ऐकायला गेलो आणि अडकलो तो अडकलोच. पुढे आम्ही ऑर्केस्ट्रा काढला; टेम्पो माझा, ॲम्प्लिफायर माझा, आणि शिव्या खाणाराही मीच.

*

एकदा मोबाईलवर मास्तरांनी कुण्या गोऱ्याला वाजवताना बघितलं. गिटार चार पायांवर उभी, खाली पेडलं. पेडल दाबलं की तार ताणली जाते आणि सूर सरकत वर चढतो. मास्तर आठ दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या पत्नी मार्थाकाकू सांगतात. नवव्या दिवशी दुकानात आले. ब्रेकच्या केबली, क्लचच्या केबली, स्प्रिंगा, सगळं घेऊन गेले. महिन्यानंतर काकू आल्या.

"शेठ, तुमी ह्यांना काय विकलं?"

"केबली. का?"

"माझ्या शिलाई मशीनचं पायडल गायब हाय. कुठं हाय ते मला म्हाईत हाय. पन त्याच्यातून आता असा आवाज येतो, की परत मागायचं धाडस हुईना."

*

घोडेगावच्या एका लग्नात आम्ही मास्तरांनी बनवलेलं ते पेडलांचं धूड मांडलं. नवऱ्या मुलाचे चुलते म्हशींचे व्यापारी. कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "इस्त्रीचं टेबल कशाला आनलंय?"

मास्तरांनी पिन हातात घेतली. डोळे मिटले आणि वाजवलं. वाजवताना ते कधी डोळे उघडत नाहीत. चुलत्यांची मान हलायला लागली. गाणं संपल्यावर जवळ आले. "मास्तर, ह्याच्यात म्हशीचा आवाज निघंल का?"

मला राग आला. एवढ्या मोठ्या कलाकाराला हे विचारायचं? मास्तरांनी मात्र शांतपणे पिन खालच्या तारेवर ठेवली, पेडल दाबलं, गुडघ्याने एक कळ सरकवली. मांडवातल्या दोन बायकांनी मागे वळून बघितलं.

चुलते कान देऊन ऐकत होते. मग गंभीरपणे म्हणाले, "तिसऱ्या वेताची हाय. पन धारंला तरास देती."

मास्तर मला टेम्पोत म्हणाले, "शेठ, इतकं बारीक ऐकनारा मानूस मला आजवर भेटला न्हवता."

*

मग डीजे आले. आम्हाला बोलावणारे बोलवेनात. बोलावलंच तर सांगत, "जेवणाच्या टायमाला वाजवा." काष्टीला एका लग्नात तेच झालं. आमच्या ऑर्केस्ट्रातला सुनील कीबोर्डवर, मास्तर त्यांच्या धुडापुढे, मागे ॲम्प्लिफायरपाशी मी. समोर पंगत. लोक आमच्याकडे पाठ करून जिलेबी मागत होते. मला वाटलं, आता बास. टेम्पो विकून टाकावा.

तेवढ्यात केटरर घाम पुसत आला. "मास्तर, हात जोडतो. जरा बेसूर वाजवा."

"का वो?"

"पंगत उठंना. पानं रिकामी हायती आन् लोक बसूनच. दुसरी पंगत उभी राहून शिव्या घालती मला."

मास्तरांनी विचार केला. खरंच प्रयत्न केला त्यांनी, मी साक्षीला आहे. पिन जरा अलीकडे थांबवली, तोंड वाकडं केलं आणि आपसूक पुढे सरकवली. म्हणाले, "न्हाई जमत. तुमी तोवर पंखं बंद करा."

*

ॲम्प्लिफायरवरून आमचं कायम भांडण. मास्तर म्हणायचे, "शेठ, आवाज कमी करा. तारंला वरडायला लावू नका." प्रत्येक कार्यक्रमात. गेल्या वर्षी ते हे म्हणायचं थांबले. मला वाटलं, वय झालं, भांडणाचा कंटाळा आला असेल.

सुनीलने तेव्हा मोबाईलवर सूर लावायचं ॲप घेतलं होतं. तार छेडली, सूर बरोबर असला की हिरवा दिवा लागतो. मास्तरांनी चार लोकांत त्याची खिल्ली उडवली. "मोबाईलला कान फुटलं व्हय रं सुनील? मग आता त्यालाच वाजवाया लाव."

पंधरा दिवसांनी सकाळी मी न सांगता सवरता त्यांच्या घरी गेलो. दार उघडं. दोनदा हाक मारली, तीनदा मारली. मास्तर पाठमोरे बसलेले. मांडीवर काकूंचा मोबाईल, त्यात तेच ॲप. तार छेडायची, दिवा बघायचा, खुंटी पिळायची. हिरवा झाला की पुढची तार.

मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मोबाईल लपवला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"मिलनं कान घेतलं, शेठ. हळूहळू नेलं. आता ॲम्प्लिफायर लई मोठा असला तर थोडं कळतं." मग म्हणाले, "तुमी डुप्लिकेट माल ओरिजिनल म्हनून कधी दिला न्हाई. मलाबी देऊ नका. ज्या दिवशी सूर हलंल, त्या दिवशी सांगा. लोकांनी सांगायच्या आदी तुमी सांगा. त्याच दिवशी चादर टाकीन गिटारवर."

काकू दारात उभ्या होत्या. मी हो म्हणालो.

तेव्हापासून कार्यक्रम संपला की मास्तर मागे वळून भुवया उडवतात. म्हणजे, सूर? मी मान हलवतो. म्हणजे, जागेवर. आणि दर कार्यक्रमाला त्यांच्या पाठीमागे बसून ॲम्प्लिफायरचा आवाज थोडा थोडा वाढवत नेतो. जन्मभर माल तोलला, पण असलं ओझं कधी उचललं नव्हतं. काकूंना मी एकदा म्हणालोही, "ज्या दिवशी सांगावं लागेल, त्या दिवशी मी गावात नसेन." त्या म्हणाल्या, "तुमी नसाल तर ते वाजवनारच न्हाईत."

*

परवाची गोष्ट. चर्चच्या आवारात पाळकसाहेबांचा निरोप समारंभ. चार वाजलेले, मांडवात ऊन. मास्तरांनी उपासनेतलं एक जुनं गीत धरलं. पहिलं कडवं झालं आणि लाईट गेली.

पंखे थांबले. ॲम्प्लिफायर मुका. सुनीलने कीबोर्डवरून हात उचलले. मास्तर डोळे मिटून वाजवतच होते. पेडल दाबत होते, पिन सरकत होती, आणि आवाज म्हणाल तर डास गुणगुणावा एवढा.

मी उठलो. खांद्याला हात लावणार, एवढ्यात पहिल्या रांगेतून काकूंनी बोट वर केलं. मी खाली बसलो.

कुणी हललं नाही. मागच्या रांगांना तर काहीच ऐकू येत नसणार. पण पाळकसाहेब पुढे वाकून बसले तसे सगळेच पुढे वाकले. एका बाईने रडणारं लेकरू उचलून आवाराबाहेर नेलं. मी मास्तरांच्या पाठीशी, हातभर अंतरावर. वर्षानुवर्षं ॲम्प्लिफायरमधून ऐकलं, या धुडाच्या नुसत्या तारेवरचं गाणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तीन कडवी मी फक्त एकच गोष्ट ऐकत होतो, सूर हलतो का.

शेवटचा सूर विरला. मास्तरांनी पिन उचलली, डोळे उघडले, मागे वळून भुवया उडवल्या.

मी मान हलवली.

त्यांनी रुमालाने पिन पुसून खिशात टाकली आणि म्हणाले, "आज आवाजबी बरोबर ठेवला, शेठ. रोज लई वाढवता तुमी."