चार रिकामे कप्पे

संध्याकाळी निघायच्या आधी मॅडम लोखंडी कपाट उघडायच्या आणि चारही कप्प्यांवरून हात फिरवायच्या. हाताला एखादी फाईल लागली की खांद्यावरची पर्स परत टेबलावर आणि मॅडम परत खुर्चीत. "कपाटात गेला की कागद झोपतो," असं म्हणून त्या माझ्याकडे बघायच्या. मग मीही बसायचो, मनातल्या मनात चरफडत.

सरकारी कपाटं तुम्ही पाहिली असतीलच. दार लावायला गुडघा टेकवावा लागतो. आमचंही तसंच होतं. खात्याची अपील शाखा मुंबईहून यवतमाळला हलवली, तेव्हा धरणात शेत गेलेल्यांच्या दाखल्यांची अपिलं ट्रक भरून आली. सोबत मुंबईची चार माणसं. वर्षभरात निपटारा झाला नाही तर शाखा परत मुंबईला, असं आदेशातच लिहिलेलं होतं. शुक्रवारी चौघांच्याही टेबलाखाली बॅग असायची. तीन वाजले की धामणगावला जाऊन मुंबईची रेल्वे गाठायची पळापळ. पोळ्यापर्यंत यातलं कोणी टिकत नाही, यावर मी सगळ्या ऑफिसला आलूबोंडे खिलवायची पैज लावली. तिघांनी बदल्या करून घेऊन माझी लाज राखली. मॅडम तेवढ्या राहिल्या.

त्या का राहिल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पहिल्याच महिन्यात मारेगावकडचे एक आजोबा सुनावणीला आले. मॅडमनी ऐकून घेतलं, कागद तपासले, दाखला द्यावा असं लिहिलं आणि मुंबईच्या सवयीनं खाली एक ओळ जोडली : अर्जदारास पत्राने कळवावे.

"मॅडम," मी म्हणालो, "अर्जदार तुमच्या समोरच बसून राह्यले."

आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या. आजोबा हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून पाच जुन्या नोटिसा काढून टेबलावर मांडल्या. मुंबईला पाचदा बोलावणं, पाचदा पुढची तारीख. पाचही नोटिसांवर सही मॅडमचीच होती.

"मी तुम्हाला कधी पाहिलंच नाही हो," त्या म्हणाल्या.

"मी भायेर बाकावरच होतो, बाई."

मॅडमनी ती ओळ खोडली आणि दाखला तिथल्या तिथे हातात दिला. त्या शुक्रवारी टेबलाखाली बॅग नव्हती. कप्प्यांवरून हात फिरवणं सुरू झालं ते त्याच आठवड्यात. सुरुवातीला हाताला रोजच फायली लागायच्या आणि एक तरी निकाली काढूनच आम्ही निघायचो.

वर्ष सरत आलं आणि मुंबईचे मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी कपाट उघडलं. चारही कप्पे रिकामे. साहेबांनी टेबलाखाली पाहिलं, मागच्या खोलीत पाहिलं, आणि फायली कुठे दडवल्यात असं सरळ विचारलं.

"ज्यांचे दाखले होते, त्यांच्या घरी आहेत, साहेब," मॅडम म्हणाल्या.

साहेबांचा विश्वास बसेना. एवढ्यात दारात मारेगावचे आजोबा उभे. हातात उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी. त्यांचं कामबिम काही नव्हतं. साहेब येणार हे कळलं, म्हणून आले होते.

"मुंबईले पाच खेपा केल्या, साहेब. इथं एका खेपेत झालं. आता हे हापिस वापस कायले नेता?"

साहेबांनी एक शेंग सोलली, मग दुसरी. जाताना शेरा लिहून गेले : शाखा यवतमाळ येथेच राहावी. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या खुर्चीचा अभिमान वाटला. पैज तर पोळ्यालाच हरलो होतो, ती त्या दिवशी फेडली. सगळ्या ऑफिसला आलूबोंडे खिलवले आणि मीच चार जास्त खाल्ले.

मागच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि मुंबईला घरी गेल्या. शेवटच्या दिवशी भाषणबिषण झाल्यावर त्यांनी कपाट उघडलं, चारही कप्प्यांवरून हात फिरवला, रिकामा तळहात आम्हाला दाखवला आणि निघाल्या.

कपाटात आता आमचे जेवणाचे डबे असतात. परवा निघताना माझा डबा काढायला गेलो, तर मागे एक फाईल लागली हाताला. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी डबा टेबलावर ठेवला आणि परत खुर्चीत बसलो.