राहुकाळातली कुपी

आमच्या तंजावरच्या प्रयोगशाळेतले स्टोअरकीपर कपाळावरची विभूती चाचपत, तमिळ हेल काढत घरचं मराठी बोलायचे. देशानं परदेशी मालाला दारं उघडली होती. यांचं स्टोअर मात्र मुहूर्त बघून उघडे. 

एका शुक्रवारी पावणेअकराला इंटरल्यूकिनचं खोकं आलं. माणसाच्या प्रतिकारपेशींचं हे निरोप्या प्रथिन, जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. ते गारठ्यातच टिकतं, आणि सोबतचा कोरडा बर्फ विरत चालला होता.

"राहुकाल आहे, सार. बारानंतर उघडू."

बारानंतर त्यांनी कुपीला भक्तिभावानं कुंकू लावलं आणि फ्रीजमध्ये ठेवली.

महिनाभर ते प्रथिन घालूनही माझ्या प्रयोगातल्या पेशी ढिम्म हलल्या नाहीत. मी चिडून कुपी त्यांच्यापुढे आपटली. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"राहुकालात आलेलं ते, सार. तुम्ही एवढं सायन्स शिकलेले, तुम्हांस कळू नये?"