भिजवलेलं अस्तर

नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांत मी शिवणक्लास काढला, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. कॉलनीतल्या बायका दुपारची जेवणं आटोपून यायच्या, जुन्या वर्तमानपत्रावर ब्लाऊज आखायच्या आणि महिन्याभरात नणंदेची, जावेची कापडं पिशवीत घालून आणायच्या. "मॅडम, तुम्हीच कापून द्या ना, माझा हात थरथरतो." शिकायचं कुणाला होतं? फुकटात शिवून हवं होतं. त्या मधाळ आवाजांचा मला वीट आला होता.

पण एकीची आठवण आली की मला माझीच शिसारी येते. ती पिंपळगाव बसवंतहून एसटीने यायची. नवऱ्याने टाकलेली, भावाकडे राहणारी. हंगामात द्राक्षांच्या पॅकिंगला जायची, एरवी भावजयीची बोलणी खायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, मला माझ्या पायावर उभं राह्यचंय. भावाच्या दारात लय दिवस काढले."

मला जिने शिवण शिकवलं तिने बजावलं होतं, "सगळं शिकवू नकोस. थोडं हातचं राख, नाहीतर उद्या समोरच्या बिल्डिंगमध्ये पाटी लागेल." मी अस्तर हातचं राखलं. ब्लाऊजचं सुती अस्तर कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करावं लागतं. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. एवढीशी गोष्ट. मी सकाळीच अस्तर बादलीत बुडवायचे, गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालायचे आणि दुपारी इस्त्री केलेलं बायकांच्या हातात द्यायचे. वहीत गळ्यापासून बाहीपर्यंत सगळं लिहून द्यायचे, बादली सोडून. मग त्यांनी घरी शिवलेलं बिघडलं की गिऱ्हाईक आपसूक माझ्याकडे यायचं. याला मी तेव्हा धंद्याची अक्कल म्हणायचे.

क्लास संपल्यावर तिने गावातल्या एका नवरीचे ब्लाऊज शिवायला घेतले. भावाच्या घरात पहिल्यांदाच तिला कुणी चहा विचारून दिला म्हणे. लग्न झालं, ब्लाऊज धुतले गेले, आणि नवरीच्या आईने ते सगळे तिच्या ओट्यावर आणून टाकले. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन माझ्या दारात.

"तुमच्या वहीपरमाणं कापलं, बाई. उसवून पाह्यलं. माझं काय चुकलं, तेवढं सांगा."

मी ब्लाऊज उलटा केला. एका वाक्याचं काम होतं.

"तुझा हात अजून बसला नाही," मी म्हणाले. "आणखी तीन महिने ये."

माझाही आवाज तेव्हा तसाच मधाळ होता. आणि ती आली. पुन्हा फी भरून, पुन्हा एसटीने, माझे चहाचे कप विसळत.

एकदा मी तिलाच स्टेशनजवळच्या दुकानात पाठवून अस्तर आणवलं. तिने डोळ्यांसमोर मोजून घेऊन चार मीटर आणलं. दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन परतले तर आभाळ भरून आलेलं, आणि लवकर आलेली ती दोरीवरचं अस्तर आत घेऊन बसलेली. हातात टेप होती.

"बाई, काल चार मीटर व्हतं. आज कमी भरतंय."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली. तिने गॅलरीतल्या बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भांडली असती तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. तिने अस्तराची नीट घडी घातली, मशीनवर ठेवली आणि चपला घालून निघून गेली. मी जिन्यापर्यंतही गेले नाही. संध्याकाळी तेच अस्तर ब्लाऊजांसाठी कापलं, इतकी मी निर्लज्ज.

पुढे बऱ्याच वर्षांनी, कॉलनीत सगळ्यांकडे मोबाईल आले होते तेव्हा, एक नवी सून क्लासला आली. माहेर पिंपळगावचं. तिथे एका बाईंच्या घरी थोडंफार शिकले आहे, म्हणाली. मी सवयीने इस्त्री केलेलं अस्तर तिच्यापुढे ठेवलं. तिने ते बोटांनी चाचपलं.

"हे भिजवलंय का? नसेल तर बादली द्या. आमच्या बाई पहिल्या दिवशी तेच शिकवतात, कात्री नंतर."

मी न राहवून विचारलं, त्या कुणाकडे शिकल्या?

"कुणाकडेच नाही. आपलं आपण शिकले, म्हणतात."

अस्तर सकाळीच भिजवलेलं होतं, तरी मी गॅलरीतून बादली आणून दिली.