बांगड्यांचा वास

काल कणकवलीच्या एसटीत एक मासेवाली चढली आणि शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मला मात्र माझी लेक तान्ही होती तेव्हाचा वैशाख आठवला. अशाच गाडीत ती तापाने फणफणली, तिने डोळे पांढरे केले. मी नुसती रडत होते. समोरच्या मासेवालीने टोपलीतला सगळा बर्फ उपसला आणि लेकीच्या कपाळावर, तळव्यांवर चोळत राहिली.

“मावशी, मासे नासतले ना!” मी म्हटलं.

“मासे काय, उद्या परत गावतले. तू तुझ्या तान्ह्या चेडवाक बघ गो!”

कणकवली येईपर्यंत तिचे बांगडे मऊ पडले होते. मी दवाखान्याकडे धावले. तिचं नाव विचारायचं राहिलंच.

काल मी खिडकीकडे सरकले. “मावशी, हंय बस,” म्हटलं.

वैशाखातल्या त्या रात्री ताप उतरल्यावर मी लेकीच्या कपाळाचा मुका घेतला, तेव्हा त्याला बांगड्यांचा वास होता.