तीन आकडे आणि वेदीचं कापड

अंधेरीला मुलाखतीला निघताना ऑस्टिननं आईला, रोझलीनला, संगणकासमोर बसवलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक काळी चौकट होती आणि तिच्यात आकडे हलत होते.

"मम्मी, हे ग्राफिक्स कार्डाचं तापमान. पंचाण्णवच्या वर गेलं की मला फोन कर. यावर फिल्म तयार होतेय. मशीन तापून बंद पडलं तर ती पहिल्यापासून करावी लागेल, आणि कंपनीला आज रात्री पाठवायचीय."

"तुझा फोन लागेल ना?"

"मुलाखतीत बंद असेल ग. पण काही होणार नाही."

तो गेला आणि रोझलीननं पहिल्यांदाच नीट वाचलं. आकडे तीन होते. एज, जंक्शन, मेम. एक सत्तरीत, दुसरा नव्वदीला टेकलेला, तिसरा मधेच कुठेतरी. खाली पंख्याचा वेग. यातला खरा कोणता? बी.ए. झालेली, लग्नाआधी शाळेच्या ऑफिसात काम केलेली बाई. पण एकाच कार्डाला तीन तीन ताप कसे, हे तिला उमजेना. हा संगणक नेहमीचा नव्हता, त्यात विंडोजऐवजी लिनक्स होतं, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला? भुईगावात लिनक्सवाला एकच, आणि तो अंधेरीला.

त्यात ऑक्टोबर. जपमाळेचा महिना. मारिया मातेची मूर्ती घरोघर फिरत आज तिच्याकडे येणार होती. हॉलमध्ये धड टेबल एकच, ऑस्टिनचं. रोझलीननं संगणकाचा पडदा बाजूला सरकवला, मूर्तीसाठी जागा केली आणि सासूबाईंच्या हातचं क्रोशाचं कापड जाड अस्तरासकट पसरलं, पार जमिनीपर्यंत. टेबलाखालचा संगणकाचा काळा डबाही झाकला गेला. मातेसमोर असली अडगळ दिसायला नको.

दुपारी जंक्शन नव्वदच्या पुढे गेलं. रोझलीननं ऑस्टिन तापला की लावायची तसा हात उलटा करून पडद्याला लावला. गार! मग ताप कुणाला? तरी तिनं टेबलफॅन आणून पडद्यावर रोखला. आकडा ढिम्म. उलट वाढला. फोन केला, बंद. पुन्हा केला. एज सांगतं ठीक आहे, जंक्शन सांगतं मरतोय. तिनं क्रुसाची खूण केली आणि फुलं ओवायला घेतली, पण नजर काही फुलांवर ठरेना.

संध्याकाळी शेजारपाजारच्या बाया मूर्ती घेऊन आल्या. सगळ्यांनी गुडघे टेकले. 'नमो मारिया' सुरू झालं. टेबलाला खेटून बसलेली ज्युलिएट मधेच कुजबुजली, "रोझलीन, टेबलाखाली चूल पेटवलीयस काय ग? माझे गुडघे भाजतायत."

रोझलीननं पडद्याकडे पाहिलं. चौऱ्याण्णव.

मग तिला कापड दिसलं. सकाळी तिनंच अंथरलेलं, स्वतःच्या हातानं.

प्रार्थना चालू असतानाच ती उठली आणि तिनं कापड वर गुंडाळून कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलं. खालचा डबा निळ्या-लाल दिव्यांसकट उघडा पडला.

"बरं केलंस," ज्युलिएट म्हणाली, "मातेच्या पायाशी लायटिंग पण झाली."

बाया हसू दाबत पुढं म्हणत राहिल्या. आकडा उतरू लागला. नव्वद, अठ्ठ्याऐंशी. रोझलीन माळ ओढत होती, पण कितव्या मण्यावर होती देव जाणे.

बाया उठल्या, चण्यांची बशी फिरू लागली, तेवढ्यात तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. तिन्ही आकडे धडाधड कोसळत होते. साठ. पन्नास. पंख्याचा वेग तर शून्य! डब्याचा आवाजही बंद. तेवढ्यात ऑस्टिनचा फोन आला.

"अरे, गेलं रे सगळं!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "पंखा बंद पडला. कापड माझंच, मीच झाकलं होतं..."

"थांब थांब. आकडे किती?"

"कोणता सांगू? तीन आहेत रे ते!"

"कोणताही सांग."

"बेचाळीस."

तिकडून हसू ऐकू आलं. "मम्मी, काम नसलं की पंखा आपोआप थांबतो. फिल्म पूर्ण झाली."

रोझलीननं शून्याकडे बघितलं, मग मूर्तीकडे. दोन्हीकडं बघूनही तिची खात्री काही पटेना.

"नक्की ना? की तू येईपर्यंत बघत बसू?"